छोटीच्या हँडओव्हरचे दहा दिवस

सगळ्यात आधी हे सांगून टाकतो, नाहीतर मला राहवणार नाही. सहा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढली, ढीगभर डॉक्युमेंट्स लिहिली, त्यातलं एकही आज आठवत नाही. पण एक डॉक्युमेंट असं आहे की ते कुणालाही दाखवायला मी एका पायावर तयार असतो. एकतीस पानं, स्पायरल बाइंडिंग, वर प्लास्टिकचं कव्हर. विषय: माझी मुलगी. वय दहा महिने.

हसलात ना? हसा. बायको पण हसली होती. सासूबाई नव्हत्या हसल्या, पण त्यांचं पुढे येतंच आहे.

तर झालं असं. छोटी तीन महिन्यांची झाली आणि बायकोची रजा संपली. घरात आम्ही तिला छोटीच म्हणतो, खरं नाव बारशाला घेतलं तेवढंच. बायको रिसर्चर आहे. तिच्या लॅबमध्ये पेशी वाढवतात आणि त्या पेशींना शनिवार-रविवार कळत नाहीत. आमच्या ब्लॉकच्या, म्हणजे बिल्डिंगच्या, आसपास दोन पाळणाघरांत नाव घातलं होतं, दोन्हीकडे वेटिंग लिस्ट. माझं हार्बरफ्रंटला एका शिपिंग कंपनीत कॉन्ट्रॅक्ट होतं, तेही संपत आलं होतं. मी म्हटलं, मी थांबतो घरी. बायको म्हणाली, "नक्की?" मी म्हटलं, "अगं, प्रॉडक्शन सर्व्हर सांभाळलेत मी. हे तर साडेपाच किलोचं आहे."

पहिल्याच दिवशी साडेपाच किलोनं मला दुपारी तीनपर्यंत जेवू दिलं नाही.

माझा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे परदेशी माणसाचा इथला नोकरीचा परवाना, गेला आणि मी बायकोच्या पासवर आलो. कार्डावर चक्क छापून येतं: डिपेंडंट. पुण्याला माझ्या बाबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "जेवलास का?" बास. विषय संपला.

पण मी काय सांगू तुम्हाला, मला हे जमायला लागलं! म्हणजे नुसतं जमायला नाही, मी त्यात चांगला निघालो! सकाळी खाली प्लेग्राउंडला जायचो तेव्हा तिथे आज्या असायच्या, आजोबा असायचे, मुलं सांभाळणाऱ्या मावश्या असायच्या, आणि एकटा मी, छातीला बाळ बांधलेला दाढीवाला. समोरच्या दारातली चिनी आँटी रोज लिफ्टमध्ये विचारायची, "डॅडी अगेन आह? मम्मी व्हेअर?" मी म्हणायचो, "मम्मी वर्किंग, आँटी." ती म्हणायची, "आय्यो." पंधरा दिवसांनी तिनं 'मम्मी व्हेअर' विचारणं सोडलं आणि पपई आणून द्यायला लागली. लसीकरणाला पॉलिक्लिनिकमध्ये गेलो तर नर्स म्हणाली, आईला विचारून सांगा, दिवसातनं किती वेळा दूध घेते? मी तिला किती वेळा, किती मिली, कुठल्या कुशीवर, आणि शेवटच्या वीस मिलीला काय नाटक करते ते सगळं सांगितलं. नर्स लिहायची थांबली. "ओके, डॅडी, इनफ," म्हणाली. मी तिथून बाहेर पडलो तो असा पडलो, जसं काही मला कुणीतरी बॅज लावलाय.

आता त्या डॉक्युमेंटबद्दल. बायकोनं कामावर जाताना मला एकपानी यादी दिली होती, फ्रिजवर चिकटवलेली. दूध, झोप, आंघोळ, औषध. तिसऱ्या दिवशी त्यातलं निम्मं चुकीचं ठरलं, कारण छोटीनं तिच्या मनानं वेळा बदलल्या. मग मी काय केलं असेल? स्प्रेडशीट उघडली. रकाने केले: काय, कधी, कसं, बिघडलं तर काय, आणि शेवटचा बदल. रोज संध्याकाळी बायको आली की छोटी तिच्या हातात द्यायची आणि मी लॅपटॉप घेऊन आतल्या खोलीत. दिवसभरात जे नवीन कळलं ते घालायचं, जे चालेनासं झालं ते खोडायचं.

उदाहरण देतो. दूध फक्त किचनच्या खिडकीत पिते, कारण आमच्या खिडकीसमोरून एलआरटी जाते. सेंगकांगमध्ये ती छोटी दोन डब्यांची गाडी ब्लॉक्सच्या मधून वरच्यावर पळते ना, ती. गाडी आली की घोट. गाडी गेली की तोंड बंद. पुढची गाडी आली की पुढचा घोट. खाणं: दोन चमचे लागतात, एक माझा, एक तिचा. तिच्या चमच्यात काहीच नसतं, पण तो तिच्या मुठीत नसला तर वरण-भाताला संप. झोप: डाव्या खांद्यावर, आणि गाणं नाही. गाणी तिला आवडत नाहीत, निदान माझी तरी. तिला मी ऑफिसला जायचो त्या मेट्रो लाइनची स्टेशनं म्हणून दाखवायची, अनाउन्समेंटच्या आवाजात, सावकाश. हार्बरफ्रंट. औटरम पार्क. चायनाटाउन. क्लार्क की. धोबी घाट. लिटिल इंडिया. साधारण फॅरर पार्कला डोळे मिटतात. दात येत असले तर शेवटच्या स्टेशनापर्यंत जाऊन उलटं यायला लागतं.

हे सगळं शोधून काढलेलं आहे हो! कुणी सांगितलेलं नाही! रडण्याचे प्रकार चार, त्यातले तीन ओळखीचे. चौथ्यापुढे मी लिहिलं होतं: "कारण अज्ञात. लिफ्टचं बटण दाबायला न्या."

मग डिसेंबरात आमचा एक आठवडा वाईट गेला. तिघांनाही ताप. आधी छोटी, मग मी, मग बायको, आणि बायकोच्या लॅबमध्ये नेमका काहीतरी महिनाभर चाललेला प्रयोग वाया गेला कारण ती जाऊ शकली नाही. त्याच आठवड्यात हार्बरफ्रंटच्या माझ्या जुन्या मॅनेजरचा फोन आला, जागा आहे, येतोस का परत? आणि त्याच आठवड्यात सासूबाई व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या, "मी येते आणि तिला पुण्याला घेऊन जाते. दोन वर्षांची झाली की परत आणा. तुम्ही तुमच्या नोकऱ्या बघा निवांत."

इथे हे काही नवीन नाही. आमच्या ओळखीतल्या बऱ्याच जणांची मुलं अशी आजी-आजोबांकडे राहून आली आहेत, चांगली गुटगुटीत होऊन आली आहेत. बायकोनं माझ्याकडे बघितलं. मी बायकोकडे बघितलं. तापात होतो. ती म्हणाली, "तुला चालेल?" मी म्हटलं, "तुला?" ती म्हणाली, "तुला नोकरी मिळतेय तर..." मी म्हटलं, "हो, बरोबर." ठरलं. सासूबाईंचं येण्या-जाण्याचं तिकीट, त्यात जाताना एक इन्फंट.

आणि मी ठरल्यावर काय करतो? प्रोजेक्ट सोडताना जे करतात ते. मी केटी द्यायचं ठरवलं. नॉलेज ट्रान्सफर! पुण्यातल्या कुठल्याही आयटीवाल्याला विचारा, नोकरी सोडताना आपल्या डोक्यातलं सगळं पुढच्याच्या डोक्यात घातल्याशिवाय सोडत नाहीत. आधी समजावून सांगायचं, मग त्यानं बाजूला बसून बघायचं, मग त्यानं करायचं आणि आपण बघायचं, शेवटी दोघांनी सही करायची. मी सगळ्या शीटचं मराठी डॉक्युमेंट केलं, प्रिंट काढली, बाइंडिंग केलं. दहा दिवसांचा प्लॅन केला. बायको कव्हर बघून सोफ्यावर पडून हसली. म्हणाली, "अरे, बाळ आहे ते, रिलीज नाही."

सासूबाई तीन आठवड्यांसाठी आल्या. त्या रिटायर्ड गणिताच्या बाई. आठवी ते दहावी. उंच, ताठ, साडीची निरी कधी हललेली मी बघितली नाही. मला कायम 'तुम्ही'च म्हणतात आणि खूश असल्या की जावईबापू. पहिले पाच दिवस त्यांना मी नुसतं फिरवलं. लिटिल इंडियातल्या देवळात नेलं, ईस्ट कोस्टला समुद्रावर नेलं. छोटी त्यांच्याकडे जायला लागली. सहाव्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर मी ते पुस्तक त्यांच्यासमोर ठेवलं.

"आई, आजपासून आपली केटी."

"केटी?" त्यांनी चष्मा वर केला. "तुम्हाला केटी लागली होती? विषय राहिला होता? लग्नाच्या वेळी कोणी बोललं नाही हे!"

बायको आतून ओरडली, "आई, एम-थ्रीला, गणितात, लागली होती, पण ही ती नाही!"

मी म्हटलं, तो विषय वेगळा. समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. पुस्तक उघडलं. पहिलं पान, दुसरं पान, तिसरं. मी समोर उभा. दहावीचा पेपर बाईंच्या हातात असावा तसं वाटत होतं.

"अक्षर तुमचं?"

"प्रिंट आहे, आई."

"हं. अनुक्रमणिका नाही."

मी त्याच दिवशी अनुक्रमणिका करून आणली.

पहिले तीन दिवस मी बोललो आणि त्यांनी प्रश्न विचारले. काय प्रश्न विचारले म्हणून सांगू! माझ्या कुठल्याही टीम लीडनं असे विचारले नव्हते. "गाडी आली की घोट म्हणता. गाड्यांमध्ये अंतर किती? रविवारी जास्त असतं ना? मग रविवारी दूध लांबतं का?" लांबतं! हो! मला कळतच नव्हतं रविवारी तिला एवढा वेळ का लागतो! मी धावत जाऊन ओळ घातली. मग त्या म्हणाल्या, "पण आमच्या खिडकीतून समोरच्यांचे वाळत घातलेले टॉवेल दिसतात फक्त. तिथे काय करू?" त्या रकान्यात मी लिहिलं: "पर्याय शोधणे."

धोबी घाट ऐकून त्या खूप हसल्या. "इथेपण आहे का धोबी घाट?" पण चोवीस तासांत त्यांनी अख्खी लाइन पाठ केली, सोळाच्या सोळा स्टेशनं, उलटीसुद्धा.

पुढचे तीन दिवस त्या बाजूला बसल्या आणि मी केलं. मला एरवी कुणी बघत असलं की काही ना काही सांडतं, पण ह्या तीन दिवसांत मी असा काही खेळलो! डायपर एका हातानं. नाकात थेंब घालायचे ते तिला कळायच्या आत. वरण-भात, वर तूप, मेतकूट, दोन चमचे, वाटी रिकामी. रडण्याचा दुसरा प्रकार सुरू व्हायच्या आधीच मी उठलो तर सासूबाई म्हणाल्या, "अजून रडली कुठे?" मी म्हटलं, "दोन मिनिटांत रडेल." दीड मिनिटात रडली. त्यांनी वहीत काहीतरी टिपलं. मला बघू दिलं नाही.

आणि मग शेवटचे दिवस. आता त्यांनी करायचं, मी हाताची घडी घालून खुर्चीत बसायचं, तोंड उघडायचं नाही.

खरं सांगतो, मला मनातनं वाटत होतं की त्यांना जमणार नाही. वाईट वाटून घेऊ नका, पण वाटत होतं. मला वाटत होतं की दुपारपर्यंत छोटी हात पसरून माझ्याकडे झेपावेल आणि मग सगळे मिळून म्हणू, बघा बुवा, काय करणार. छोटी झेपावली नाही. दुधाला त्यांनी तिला खिडकीत नेलंच नाही. मांडीवर आडवी घेतली, पदरानं तिचं कपाळ झाकलं आणि एका दमात बाटली रिकामी. जेवायला तिला चमचा दिला, वर स्वतःची रिकामी वाटी दिली, आणि छोटी वाटी आपटत आपटत सगळं जेवली. मी पेनानं पुस्तकात लिहिलं: "वाटी पण चालते."

झोपेची वेळ झाली. मी वाट बघत होतो, आता स्टेशनं लागणार. सासूबाईंनी खांद्यावर घेतलं, हार्बरफ्रंट म्हणाल्या, औटरम पार्क म्हणाल्या, आणि थांबल्या. मग त्यांच्या स्वतःच्या चालीत सुरू झाल्या:

"एकोणीस एके एकोणीस. एकोणीस दुणे अडतीस. एकोणीस त्रिक सत्तावन्न..."

छोटीनं मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. मग मान टाकली. 'एकोणीस सक'ला झोपली. माझी मुलगी. फॅरर पार्कला झोपणारी माझी मुलगी, एकोणीसच्या पाढ्यावर.

मी उठून किचनमध्ये गेलो आणि धुतलेल्याच बाटल्या परत धुतल्या. केटी इतकी उत्तम झाली होती की माझी गरजच उरली नव्हती. प्रोजेक्ट सोडताना हे झालं की लोक खूश होतात, केक कापतात.

दहावा दिवस शनिवार होता. बायको घरीच होती. दुपारी छोटी झोपल्यावर आम्ही तिघं टेबलाशी बसलो. शेवटच्या पानावर मी दोन ओळी आखून ठेवल्या होत्या, हँडओव्हर देणार, हँडओव्हर घेणार. मी माझी सही केली. अक्षरशः सराईतासारखी केली. पुस्तक सासूबाईंकडे सरकवलं.

त्यांनी सही केली नाही. पुस्तक पहिल्या पानापासून उघडलं.

"हा शेवटचा रकाना. शेवटचा बदल. ह्यात तारखा आहेत."

"हो, ती ओळ मी शेवटची कधी बदलली ते."

"ते कळतं मला. ह्यातली सगळ्यात जुनी तारीख काढा."

मी पानं उलटली. बाकी सगळं आठ-दहा दिवसांतलं. शेवटी सापडली. "आंघोळ. तीन आठवड्यांपूर्वीची."

"आणि इतकं सगळं त्यानंतर बदललंय. मी आल्यापासूनच बघा. चमच्याची ओळ तुम्ही परवा पेनानं बदललीत. झोपेची काल. म्हणजे मी हे घेऊन पुण्याला पोचले, की महिन्याभरात हे बाड रद्दीत."

"नाही नाही, आई, मी शीट शेअर करतो ना तुमच्याशी! तुम्ही तिकडे अपडेट करा, मला इथे दिसेल!"

"मी करीन. रकाने भरायचं मला नका शिकवू." त्यांनी चष्मा काढला. "पण मग भरणारी मी. वाचणारे तुम्ही. चालेल?"

मी दोन महिने ह्या पुस्तकाचा विचार करत होतो, प्रिंट, रकाने, फॉन्ट, आणि मी एकदाही, एकदाही असं डोळ्यासमोर आणलं नव्हतं की मी हार्बरफ्रंटच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत बसलोय आणि मोबाइलवर वाचतोय, आज नवीन काय केलं तिनं. दुसऱ्या कुणीतरी लिहिलेलं.

"नाही चालणार," मी म्हटलं.

"मग नोकरी कशाला धरलीत?"

"अगं आई, त्याला घरी बसून कंटाळा आलाय," बायको मधेच म्हणाली. "तो बोलत नाही, पण मला कळतं ना. रोज संध्याकाळी मी दारात पाऊल ठेवलं की हा छोटीला माझ्या हातात टाकतो आणि लॅपटॉप घेऊन आत. रोज! मला वाटलं नोकऱ्या शोधतोय. म्हणून मीच म्हटलं, जाऊ दे बाबा त्याला."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. "नोकऱ्या?"

"मग काय करायचास आत?"

"हे!" मी ते पुस्तक टेबलावर आपटलं. "हे भरायचो! दिवसभरातलं विसरायच्या आत! मला वाटलं तुलाच तिला पाठवायचंय, लॅबमुळे!"

"मला? मला पाठवायचंय? अरे, मी रोज लॅबमधनं येताना लिफ्टमध्ये रडून घेते, वर येईपर्यंत डोळे पुसते!"

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोललास?"

"हळू," सासूबाई म्हणाल्या. "उठेल ती."

बायकोचं नाक लाल. माझंही असणार.

सासूबाई पुस्तक मिटून त्यावर हात ठेवून बसल्या होत्या. मग म्हणाल्या, "मी हॉलमध्ये छताला कड्या लावून घेतल्यात. पाळण्याच्या. स्लॅबला भोकं पाडून. शेजारच्यांना बोलावून दाखवलंसुद्धा."

आमच्या दोघांचं ठीक होतं, आम्ही दोघं मूर्ख होतो. त्यांना मात्र ती खरंच हवी होती. ताप आला म्हणून नाही, नोकरी म्हणून नाही, नुसती हवी होती. बायकोनं त्यांच्या हातावर हात ठेवला. "आई..."

"असू दे," त्या म्हणाल्या. "झोपाळा टांगीन तिथे. मीच बसेन." आणि हात सोडवून घेऊन उठल्या, सिंकमधला छोटीचा चमचा घेतला आणि बराच वेळ धूत राहिल्या. आम्ही उठलो नाही. उठू नये असं वाटलं.

चमचा जाळीवर ठेवून त्या वळल्या तेव्हा परत बाई झाल्या होत्या. "आधी त्या तुमच्या साहेबांना फोन करा. शनिवार आहे तर मेसेज करा. माणसं खोळंबून ठेवू नयेत."

मी मॅनेजरला मेसेज टाकला. त्याचा लगेच फोन आला. पलीकडे हॉकर सेंटरमधली भांड्यांची खणखण ऐकू येत होती, जेवायला बसला असावा. "बेबीसाठी? यू शुअर आह? बायकोनं सांगितलं का?" मी म्हटलं, कुणी नाही, मला हवंय. मोठ्यानं म्हटलं. सात महिने झाले होते आणि हे वाक्य मी पहिल्यांदा कुणासमोर म्हणत होतो. तो म्हणाला, "ओके लाह. पाळणाघरात जागा मिळाली की फोन कर." आणि मग, "माझा मुलगा आता बारा वर्षांचा आहे. मला त्याचं पहिलं वर्ष काहीच आठवत नाही, यू नो." मी यू नो म्हटलं.

तेवढ्यात आत छोटी उठली. पहिल्या प्रकारचं रडणं, भूक. मी तिला घेऊन बाहेर आलो तर सासूबाई टेबलाशी ताठ बसल्या होत्या, चष्मा लावलेला, समोर तिकिटाचा कागद, आणि विमान कंपनीचा नंबर लावलेला. स्पीकरवर. बायको म्हणाली, "आई, मी करते ना अ‍ॅपवरनं." त्यांनी तिला हातानंच थांबवलं.

बऱ्याच वेळानं एक मुलगी लाइनवर आली. सासूबाईंनी शाळेच्या गॅदरिंगला पाहुण्यांशी बोलायच्या त्या इंग्लिशमध्ये सुरुवात केली.

"गुड आफ्टरनून. आय अ‍ॅम ट्रॅव्हलिंग. द इन्फंट इज नॉट ट्रॅव्हलिंग. प्लीज कॅन्सल द इन्फंट."

बायकोनं तोंडावर हात दाबला. पलीकडची मुलगी म्हणाली, शुअर मॅडम, कॅन्सल करायचं कारण सांगता का?

मी खुणेनं सांगत होतो, चेंज ऑफ प्लॅन म्हणा, चेंज ऑफ प्लॅन. त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या कडेवर छोटी, तिच्या तोंडात माझ्या टी-शर्टची कॉलर, माझ्या खांद्यावर तिची लाळ.

"रीझन," त्या म्हणाल्या, एकेक शब्द फळ्यावर लिहावा तसा, "इज दॅट हर फादर इज लुकिंग आफ्टर हर. व्हेरी वेल. ही इज लुकिंग आफ्टर हर व्हेरी वेल. यू प्लीज राइट दॅट."

"मॅडम, माझ्याकडे लिस्टमध्ये फक्त मेडिकल आणि पर्सनल आहे."

"देन राइट पर्सनल. बट यू हॅव हर्ड इट."

"येस मॅडम," ती मुलगी म्हणाली. "आय हॅव हर्ड."

मी छोटीच्या डोक्यात नाक खुपसून उभा राहिलो. सासूबाईंनी फोन ठेवला, कागदाची नीट घडी केली, पर्समध्ये टाकली, आणि दोन्ही हात पुढे केले.

"आणा तिला इकडे, जावईबापू. अजून सहा दिवस माझे आहेत."